चीनमधील जलनगरे: कालव्यांवर वसलेली गावे आणि त्यांच्या वारशाचा प्रश्न

शांघाय, सुझोऊ आणि हांगझोऊ ही पूर्व चीनमधील तीन मोठी शहरे. नकाशावर ती रेषांनी जोडली तर एक त्रिकोण तयार होतो. या त्रिकोणात आणि त्याच्या कडेला कालव्यांवर वसलेली कितीतरी जुनी गावे आहेत. इथे घराचे एक दार गल्लीत उघडते, तर दुसरे थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर. थोडे चालले की दगडी कमानीचा पूल लागतो. झोउझुआंग, टोंगली, लुझी, वुझेन, शितांग, नानशुन आणि झूजियाजियाओ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध नावे. दरवर्षी लाखो पर्यटक ही गावे पाहायला येतात.

पर्यटन पुस्तिकांत या गावांना हमखास 'पूर्वेकडील व्हेनिस' म्हटले जाते. ही तुलना ऐकायला बरी वाटते, पण तिने थोडी दिशाभूल होते. व्हेनिस हे समुद्रावर सत्ता गाजवणारे राज्य होते, तर ही गावे म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारपेठा होत्या. भात, रेशीम आणि कापड नावेने येई, विकले जाई आणि नावेनेच पुढे जाई. कालवा, पूल, घाट, वाडे हे सगळे या बाजारातून उभे राहिले. त्यामुळे ही गावे जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, इमारती की तिथले जगणे, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे चीनमध्ये चर्चेत आहे. या लेखात आपण ही गावे कशी घडली, तिथे काय पाहण्यासारखे आहे आणि ती वाचवताना काय हाती लागले व काय निसटले, हे समजून घेऊ.

जलनगर म्हणजे काय?

चिनी भाषेत या प्रदेशाला 'शुइशियांग' म्हणतात. त्याचा अर्थ 'पाण्याचा मुलूख'. जुन्या गावाला 'गुझेन' म्हणजे 'प्राचीन नगर' असा शब्द आहे. मराठीत आपण दोन्ही मिळून 'जलनगर' म्हणू शकतो.

ही गावे ज्या भागात आहेत त्याला 'जियांगनान' म्हणजे 'नदीच्या दक्षिणेचा प्रदेश' असे नाव आहे. नदी म्हणजे यांगत्से. आज हा भाग जियांगसू आणि झेजियांग हे दोन प्रांत आणि शांघाय महानगर यांत विभागलेला आहे. त्याच्या मध्यभागी ताइहू हे सुमारे २३०० चौरस किलोमीटरचे उथळ गोड्या पाण्याचे सरोवर आहे. आजूबाजूची जमीन समुद्रसपाटीपासून अवघी काही मीटर उंच असल्याने जिकडे पाहावे तिकडे ओढे, तळी आणि कालवे दिसतात.

आधी पाणी, मग गाव

हा प्रदेश मुळात दलदलीचा होता. माणसाने तिथे बांध घातले, चर खणले, पाणी वळवले आणि मधली जमीन कोरडी करून भातशेती केली. शेताभोवती बांध आणि बांधाबाहेर कालवा अशी ही रचना. कालव्यातला गाळ काढून शेतात टाकला की खतही मिळे आणि कालवाही मोकळा राही. म्हणजे आज निसर्गरम्य वाटणारे हे पाणी बऱ्याच अंशी शेतकऱ्यांच्या कष्टातून घडले आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे महाकालवा. सुई राजवटीत, ७व्या शतकाच्या सुरुवातीला, उत्तर आणि दक्षिण चीन जोडणारा जलमार्ग तयार झाला. इ. स. ६१० मध्ये त्याचा दक्षिणेकडील भाग हांगझोऊपर्यंत नेण्यात आला. बीजिंग ते हांगझोऊ हा पुढे रूढ झालेला मार्ग सुमारे १८०० किलोमीटरचा आहे. दक्षिणेचे धान्य उत्तरेच्या राजधानीकडे याच मार्गाने जाई.

सुंग राजवटीच्या काळात (९६० ते १२७९) या भागाचे भाग्य पालटले. १२व्या शतकात उत्तर चीन हातचा गेल्यावर राजदरबार हांगझोऊला आला आणि त्याच्यामागून उत्तरेचे असंख्य लोक इकडे वसले. सुझोऊ आणि हूझोऊचे पीक चांगले आले की साऱ्या देशाचे पोट भरते, अशी म्हणच तेव्हा पडली. पुढे मिंग आणि छिंग राजवटींत शेतकरी बांधावर तुती लावू लागले, घरोघर रेशमाचे किडे पाळू लागले, सूत कातू लागले. हा माल विकायला जवळ बाजार हवा, आणि सकाळी नावेने निघून माल विकून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर तो हवा. जलनगरे एकमेकांपासून थोड्याथोड्या अंतरावर का आहेत, याचे हे मुख्य कारण.

हा व्यवहार प्रत्यक्षात कसा चाले, याचे सुंदर वर्णन समाजशास्त्रज्ञ फेइ शियाओथोंग यांनी करून ठेवले आहे. १९३६ मध्ये त्यांनी ताइहू सरोवराजवळच्या काइश्येनगोंग या खेड्याचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. गावातून रोज सकाळी काही नावा जवळच्या झेनझे नगराकडे निघत. नावाडी घरोघरचे निरोप घेई: कुणाला तेल, कुणाला मीठ, कुणाला दारू. रिकाम्या बाटल्या आणि बरण्या त्याच्याकडे दिल्या जात. तो नगरातल्या ठरलेल्या दुकानांतून सामान भरून दुपारनंतर परत येई. गावकऱ्यांकडून तो या कामाचे पैसे घेत नसे. त्याची कमाई दुकानदारांकडून होई. म्हणजे खेडे आणि नगर यांना जोडणारा खरा दुवा हा नावाडी होता. पुढे रस्ता आला, बस आली आणि हा दुवा तुटला. जलनगरांच्या आजच्या स्थितीचे मूळ इथे आहे.

गावाची रचना कशी असते?

बहुतेक जलनगरांचा सांगाडा सारखा आहे. मधून मुख्य कालवा जातो आणि त्याला आडवे फाटे फुटतात. कालव्याला समांतर दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली असते. गल्ली आणि पाणी यांच्या मध्ये घरांची रांग असते. घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान, त्याला रात्री फळ्या लावायच्या. मागचा भाग पाण्याकडे, तिथून पायऱ्या थेट कालव्यात उतरतात. याच पायऱ्यांवर कपडे धुतले जात, भाजी निवडली जाई आणि नावेतून आलेले सामान उतरवले जाई. काठावरच्या दगडांत नाव बांधायला कोरलेली भोके आजही दिसतात. काही ठिकाणी त्यांना शुभचिन्हांचा आकार दिलेला आहे.

घरांच्या भिंती पांढऱ्या चुन्याच्या, कौले काळपट करडी आणि आतला सांगाडा लाकडी. श्रीमंतांची घरे रस्त्याच्या बाजूने अरुंद दिसतात, पण आत खोलवर जातात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत जसे एकामागून एक चौक लागतात, तसेच इथेही: आधी नावा लागण्याची जागा आणि दार, मग पाहुण्यांचा दिवाणखाना, मग घरच्यांच्या खोल्या, सर्वांत मागे स्वयंपाकघर. दोन घरांच्या मधली भिंत छपराच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली असते. लाकडी घरांची आग शेजारी पसरू नये, हा तिचा उपयोग.

पूल उंच कमानीचे का, याचेही उत्तर साधे आहे. खालून भरलेली नाव जायला हवी. कमान आणि तिचे पाण्यातले प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ दिसते, ते चित्रकारांना फार आवडते. पण बांधणाऱ्याच्या डोक्यात आधी नावेचा हिशेब होता.

प्रमुख जलनगरे आणि तिथला वारसा

झोउझुआंग

सुझोऊजवळच्या कुनशान शहराच्या हद्दीतले हे गाव सर्वांत आधी प्रसिद्धीला आले. १०८६ मध्ये झोउ आडनावाच्या एका गृहस्थाने आपली जमीन बौद्ध मंदिराला दान दिली आणि त्यावरून गावाला 'झोउचे गाव' हे नाव पडले, असे सांगितले जाते.

इथले सर्वांत ओळखीचे दृश्य म्हणजे जोडपूल. दोन कालवे जिथे मिळतात तिथे मिंग काळात बांधलेले शिदे आणि योंगआन हे दोन पूल काटकोनात उभे आहेत. एकाची कमान गोल, दुसऱ्याची चौकोनी. जुन्या चिनी किल्लीच्या आकाराशी साम्य असल्याने लोक त्याला 'किल्लीपूल' म्हणतात. १३५५ मधला फूआन पूल याहून जुना. त्याच्या चारही कोपऱ्यांना इमारती लागून आहेत.

शेन वाडा १७४२ मध्ये बांधला गेला. त्यात शंभराहून अधिक खोल्या आणि एकामागून एक सात चौक आहेत. शेन घराणे आपले मूळ शेन वानसान या व्यापाऱ्याशी जोडते. हा वानसान म्हणजे चिनी लोककथांतला धनाढ्याचा नमुना. मिंग सम्राटाच्या नांजिंगच्या तटबंदीचा मोठा खर्च त्याने उचलला आणि त्याची श्रीमंती डोळ्यांवर आल्याने सम्राटाने त्याला दूर युन्नानला हद्दपार केले, अशी कथा आहे. त्याच्या नावाचा डुकराच्या मांसाचा पदार्थ आज गावात दुकानोदुकानी मिळतो. याहून जुना झांग वाडा मिंग काळातला. त्याच्या आतून एक ओढा वाहतो आणि नाव वळवण्यासाठी घरातच छोटे कुंड केले आहे. पालखी पुढच्या दाराने यावी आणि नाव घरातून जावी, असे त्याचे वर्णन करतात.

टोंगली

सुझोऊपासून जवळ असलेल्या टोंगलीत तुइसी उद्यान आहे. रेन लानशेंग या पदावरून दूर केलेल्या अधिकाऱ्याने १८८५ ते १८८७ या काळात ते बांधले. नावाचा आशय असा: दरबारातून माघारी आल्यावर आपल्या चुकांचा विचार करावा. उद्यान सुमारे ६५०० चौरस मीटरचे, म्हणजे फार मोठे नाही. पण मंडप, खडक आणि सज्जे तळ्याच्या पाण्याला इतके टेकून आहेत की ते तरंगत असल्यासारखे वाटतात. सुझोऊच्या अभिजात उद्यानांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९९७ मध्ये समावेश झाला. २००० मध्ये त्यात आणखी पाच उद्यानांची भर पडली, त्यांतले एक तुइसी.

टोंगलीत जवळजवळ असलेले तीन छोटे पूल आहेत: तायपिंग, जिली आणि चांगछिंग. त्यांच्या नावांत शांती, शुभलाभ आणि चिरमंगल असे अर्थ आहेत. लग्नाची वरात तिन्ही पुलांवरून नेण्याची इथली जुनी रीत आहे.

लुझी

लुझीतल्या बाओशेंग मंदिरात मातीत घडवलेले अर्हत आहेत. ते सुटे पुतळे नाहीत. डोंगर, ढग आणि लाटा दाखवणाऱ्या मातीच्या भिंतशिल्पात ते बसलेले आहेत. मुळात ते अठरा होते. परंपरा त्यांचे श्रेय थांग काळातल्या यांग हुइझी या शिल्पकाराला देते, पण अनेक अभ्यासक ते सुंग काळातले मानतात. १९२०च्या दशकात मंदिर मोडकळीला आले, तेव्हा इतिहासकार गू जिएगांग यांनी लेख लिहून लोकांचे लक्ष वेधले. १९२८ मध्ये सभागृहाचा भाग कोसळला आणि निम्मे पुतळे गेले. शिक्षणतज्ज्ञ साइ युआनपेइ आणि इतरांच्या प्रयत्नांतून उरलेले नऊ वाचवण्यात आले आणि १९३२ मध्ये त्यांच्यासाठी संग्रहालय उघडले. जलनगरांच्या वारसाजतनाची ही सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक गोष्ट. १९६१ मध्ये चीनने राष्ट्रीय संरक्षित वास्तूंची पहिली यादी केली, तीत हे अर्हत होते.

लुझीच्या परिसरातल्या शेतकरी बायकांचा पेहराव वेगळा आहे: डोक्याला रुमाल, वेगवेगळ्या रंगांच्या तुकड्यांची चोळी, कमरेला आखूड घेर आणि भरतकामाचे जोडे. चिखलात वाकून भात लावताना जिथे कापड लवकर झिजते तिथला तुकडाच बदलता यावा, ही त्यामागची सोय. २००६ पासून हा पेहराव राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

वुझेन

झेजियांगमधल्या वुझेनच्या परिसरात सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. पण चिनी वाचकाला हे गाव माहीत असते ते माओ दुन या लेखकामुळे. त्यांचा जन्म इथे १८९६ मध्ये झाला. पुढे ते नव्या चीनचे पहिले सांस्कृतिक मंत्री झाले आणि त्यांनी ठेवलेल्या देणगीतून देशातला सर्वांत मानाचा कादंबरी पुरस्कार सुरू झाला. १९३२ मध्ये त्यांनी लिहिलेल्या कथांत याच भागातले लोक आहेत. एका कथेत कर्ज काढून रेशमाचे किडे पाळणारे कुटुंब आहे. कोष भरघोस येतात, पण भाव कोसळल्याने कर्ज आणखी वाढते. दुसऱ्या कथेत छोट्या नगरातला दुकानदार बुडतो. जलनगरे सदा सुखी आणि शांत होती, अशी कल्पना असेल तर या कथा ती मोडतात.

निळीची छपाई ही वुझेनची खास कला. कोरलेल्या कागदी साच्यातून सोयाबीनचे पीठ आणि चुना यांचा लेप कापडावर देतात आणि मग ते निळीत बुडवतात. वाळल्यावर लेप खरवडला की निळ्यावर पांढरी नक्षी उमटते.

शितांग

शितांगचे वैशिष्ट्य म्हणजे कालव्याच्या काठाने जाणारे छप्पर. घराचे छत पुढे वाढवून खांबांवर टेकवले आहे आणि त्याखालून सुमारे एक किलोमीटर सावलीत चालता येते. पाऊस असला तरी गिऱ्हाईक थांबू नये, म्हणून दुकानदारांनी हे केले. इथल्या असंख्य बोळांपैकी शिपी बोळ ६८ मीटर लांब आहे आणि त्याची सर्वांत अरुंद जागा जेमतेम ८० सेंटिमीटर आहे. २००६ मधल्या 'मिशन इम्पॉसिबल ३' या चित्रपटातली पळापळ याच गावात चित्रित झाली.

नानशुन

बाकीच्या गावांत जुना चीन दिसतो, तर नानशुनमध्ये १९व्या शतकातला व्यापारी चीन दिसतो. जवळच्या जिली गावचे कच्चे रेशीम उत्तम मानले जाई. १८४३ मध्ये शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि नानशुनचे दलाल इंग्रजी शिकून थेट परदेशी पेढ्यांशी सौदे करू लागले. पैसा इतका आला की गावातल्या श्रीमंतांच्या पायऱ्या ठरल्या: चार 'हत्ती', आठ 'बैल' आणि बहात्तर 'सोन्याचे कुत्रे'. याच शतकात मुंबईचे व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनच्या बंदरांत जात आणि परतताना रेशीम व रेशमी कापड आणत. पारशी कुटुंबांतल्या भरतकामाच्या 'गारा' साड्या त्याच व्यापाराची आठवण आहेत.

इथल्या झांग शिमिंग वाड्यात पुढे चिनी चौक आहेत आणि मागे एकदम युरोपीय धाटणीचे नृत्यदालन. लिउ घराण्याचे शियाओलियान उद्यान आणि जियाये ग्रंथालय शेजारीशेजारी आहेत. लिउ चेंगगान यांनी १९२० ते १९२४ मध्ये हे ग्रंथालय बांधले, दुर्मीळ पोथ्या जमवल्या आणि लाकडी ठसे कोरवून जुने ग्रंथ पुन्हा छापले. १९५१ मध्ये ते झेजियांग प्रांताच्या ग्रंथालयाकडे गेले. २०१४ मध्ये महाकालवा जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा त्यात समाविष्ट झालेले जलनगर नानशुन हेच.

झूजियाजियाओ

शांघायच्या हद्दीतले हे गाव भाताच्या आणि कापडाच्या व्यापारावर वाढले. इथला पाच कमानींचा फांगशेंग पूल सुमारे ७० मीटर लांब आहे. तो १५७१ मध्ये प्रथम बांधला गेला आणि १८१२ मध्ये पुन्हा उभारला गेला. 'फांगशेंग' म्हणजे जीव सोडणे. पकडलेले मासे पुण्य म्हणून पुलाखाली पाण्यात सोडायची प्रथा होती, त्यावरून हे नाव पडले. २०१७ च्या अखेरीपासून शांघाय मेट्रो थेट इथे येते.

ही गावे वाचली कशी?

खरे उत्तर थोडे विचित्र आहे. मागे पडली म्हणून वाचली. रेल्वे आणि डांबरी रस्ते आल्यावर व्यापार जलमार्गावरून उठला. ज्या गावांना रस्ता मिळाला तिथे कालवे बुजवले गेले, जुनी घरे पाडून कारखाने आणि सिमेंटच्या इमारती आल्या. १९८०च्या दशकात दक्षिण जियांगसूत गावोगावी छोटे उद्योग उभे राहिले, तेव्हा हे फार वेगाने झाले. झोउझुआंगसारखे सरोवरांनी वेढलेले गाव मात्र तोवर नावेनेच गाठावे लागे. गरिबीमुळे तिथली जुनी घरे तशीच राहिली.

शांघायच्या थोंगजी विद्यापीठातले नगररचनाकार रुआन यिसान यांनी १९८०च्या दशकात ही गावे पालथी घातली. जुने गाव पाडू नका, नवी वस्ती आणि कारखाने बाजूला बांधा, असा त्यांचा आग्रह होता. कारखान्यांवर पैसा मिळवणाऱ्या शेजाऱ्यांकडे पाहणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांना तो सहज पटणारा नव्हता. तरीही झोउझुआंगसह अनेक गावांचे संरक्षण आराखडे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केले.

याच सुमारास एका चित्राने मोठे काम केले. शांघायमध्ये शिकून अमेरिकेत गेलेल्या चेन यिफेइ या चित्रकाराने झोउझुआंगच्या जोडपुलाचे तैलचित्र काढले. अमेरिकी उद्योगपती आर्मंड हॅमर यांनी ते विकत घेऊन १९८४ मध्ये चीन भेटीत तंग श्याओफिंग यांना भेट दिले. पुढच्या वर्षी ते संयुक्त राष्ट्रांच्या टपाल पाकिटावरही छापले गेले. पडक्या म्हणून दुर्लक्षित झालेल्या गावाकडे लोक एकाएकी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

कायद्याची साथ हळूहळू मिळाली. १९८२ मध्ये सांस्कृतिक अवशेष संरक्षण कायदा झाला. २००३ मध्ये 'ऐतिहासिक आणि सांस्कृतिक नगरे' या दर्जाची पहिली राष्ट्रीय यादी आली. त्यातल्या दहा नगरांपैकी पाच इथली होती: झोउझुआंग, टोंगली, लुझी, शितांग आणि वुझेन. त्याच वर्षी या भागातल्या जलनगरांच्या जतनकार्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

जतन कोणासाठी?

गाव वाचले, मग पर्यटक आले आणि नवे प्रश्न उभे राहिले. ढोबळमानाने दोन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग: लोक तिथेच राहतात आणि गावात पर्यटन येते. झोउझुआंग, टोंगली, शितांग या वाटेने गेले. पैसा आला, घरांची डागडुजी झाली. पण मुख्य गल्लीतले तेल-मिठाचे दुकान जाऊन तिथे भेटवस्तूंचे दुकान आले, कारण भाडे तेच देऊ शकते. तरुण कुटुंबे स्वच्छतागृहे, गाडीची जागा आणि चांगली शाळा असलेल्या नव्या वस्तीत गेली. मागे म्हातारी माणसे राहिली.

दुसरा मार्ग वुझेनचा. त्याच्या पूर्व भागात रहिवासी राहिले आणि तो २००१ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला. पश्चिम भागात मात्र कंपनीने घरे ताब्यात घेतली, रहिवाशांना दुसरीकडे हलवले, वीजतारा आणि सांडपाण्याच्या नळ्या जमिनीखाली नेल्या आणि सगळे गाव दुरुस्त करून २००७ मध्ये उघडले. काही जुने रहिवासी परत आले, पण कंपनीच्या नियमांनुसार पाहुणेघर चालवायला. परिणाम देखणा आहे. २०१३ पासून इथे नाट्यमहोत्सव होतो, २०१४ पासून जागतिक इंटरनेट परिषद भरते, आणि २०१७ मध्ये गो या खेळातला अव्वल खेळाडू के जिए आणि अल्फागो हा संगणक यांचा सामना इथेच झाला. स्वच्छता, शांतता आणि सोयी यांत इतर गावे याच्या जवळपास नाहीत. पण रात्री इथे झोपतात ते बहुतांशी पाहुणे.

या वादात एकाच बाजूचे बरोबर आहे असे म्हणता येत नाही. गळक्या छताखाली, संडास नसलेल्या घरात 'परंपरा' म्हणून लोकांनी राहावे, अशी अपेक्षा पाहुण्याने करणे योग्य नाही. दुसरीकडे, रहिवाशांशिवायचे गाव कुठेही उभारता येते, हेही दिसून आले. वुझेन घडवणाऱ्या मंडळींनीच बीजिंगजवळ, चीनच्या भिंतीच्या सिमाताइ भागाच्या पायथ्याशी 'गुबेइ जलनगर' बांधले आणि ते २०१४ मध्ये सुरू झाले. कोरड्या उत्तरेत दक्षिणेच्या धर्तीचे हे कालव्यांचे गाव लोकप्रिय ठरले.

पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. कालव्यातला गाळ खतासाठी काढणे थांबले, कारखाने आणि सांडपाणी वाढले. २००७ मध्ये ताइहू सरोवरात शेवाळ इतके माजले की वूशी शहराच्या लाखो लोकांचे पिण्याचे पाणी काही दिवस बंद पडले. त्यानंतर या खोऱ्यात शुद्धीकरणावर मोठा खर्च झाला. एका गावाने आपले घाट कितीही झाडले तरी पाणी साऱ्या खोऱ्यातून येते, त्यामुळे जलनगराचे संरक्षण त्याच्या वेशीपाशी थांबू शकत नाही.

युनेस्कोच्या यादीत कुठे?

तुइसी उद्यान आणि नानशुन यांना जागतिक वारशाचा दर्जा आहे, पण तो अनुक्रमे सुझोऊची उद्याने आणि महाकालवा यांचा भाग म्हणून. 'जियांगनानची जलनगरे' हा स्वतंत्र प्रस्ताव २००८ पासून चीनच्या संभाव्य यादीत आहे. अनेक गावे, दोन प्रांत आणि व्यवस्थापनाच्या निरनिराळ्या पद्धती यांचा मेळ घालणे हे त्यातले अवघड काम.

या भागाचा अमूर्त वारसा मात्र आधीच मान्यता पावला आहे. कुनशानमध्ये जन्मलेली कुनचू संगीतनाट्याची शैली २००१ मध्ये युनेस्कोने गौरवलेल्या पहिल्या कलांपैकी एक होती. रेशीमपालन आणि रेशीमकाम, तसेच लाकडी सांगाड्याच्या घरांची सुतारकला यांना २००९ मध्ये स्थान मिळाले. सुझोऊजवळच्या शियांगशान गावचे सुतार या कलेसाठी नावाजलेले आहेत. झूजियाजियाओच्या केझी उद्यानात संगीतकार थान दुन यांनी २०१० मध्ये एका जुन्या कुनचू नाटकाचा प्रयोग तळ्याकाठी बसवला, तेव्हा उद्यान हेच रंगमंच झाले.

पाहायला जाणार असाल तर

सकाळी लवकर पोहोचणे किंवा गावातच मुक्काम करणे सर्वांत चांगले. दहा वाजल्यापासून सहलींच्या बस येऊ लागतात. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा शक्यतो टाळावा. एकाच फेरीत चार गावे उरकण्यापेक्षा दोन निवडावीत: घरे आणि पूल पाहायचे असतील तर झोउझुआंग किंवा टोंगली, व्यापाराचा इतिहास हवा असेल तर नानशुन, शिल्पांसाठी लुझी, सोयीचा मुक्काम हवा असेल तर वुझेन.

आणि मुख्य गल्ली सोडून एखाद्या बाजूच्या कालव्याकडे वळावे. तिथे पायरीवर भाजी धुणारी बाई, कठड्यावर वाळत घातलेली गोधडी आणि दारात वेताच्या खुर्चीवर बसून सुझोऊच्या बोलीत गप्पा मारणारे आजोबा अजून भेटतात. त्यांच्या घराला तिकीट नाही आणि माहितीफलकही नाही.